मायच्या बाजूची काच

धानाच्या तुसाच्या राखेनं पितळ उजळतं, दात उजळतात, चुलीवरची काळीकुट्ट कढईसुद्धा उजळते. माणसाची अक्कल तेवढी उजळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

मी तेव्हा चामोर्शीच्या एका शाळेत मास्तर होतो. विषय विज्ञान. (पुढचं वाचताना हा विषय विसरलात तर उपकार होतील.) ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्लीत ज्याच्या दारात मोटार उभी आहे असा मास्तर मी एकटाच, आणि ती बहुतेक वेळ उभीच असायची.

मोटार म्हणजे जुनी फियाट. माजरीकडच्या कोळसा खाणीतल्या एका साहेबांची बदली झाली आणि ही गाडी त्यांना सोबत न्यायची नव्हती. का न्यायची नव्हती हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. कोळशाच्या धुळीत तिची सारी उमर गेली होती. साहेबांचा ड्रायव्हर रोज सकाळी ती धूळ कोरड्या फडक्यानं इमानेइतबारे पुसायचा, आणि त्या इमानाच्या खुणा सगळ्या काचांवर होत्या. त्यातही मागची डावी काच! तिथे बहुधा साहेबांच्या बाई बसत असाव्यात आणि त्यांना घडीत गरम, घडीत गार होत असावं. खाली-वर करून करून त्या काचेवर कंगवा ओढल्यासारख्या उभ्या रेघा पडल्या होत्या. त्या खिडकीतून पाहिलं की भर वैशाखात बाहेर पाऊस पडतोय असं वाटे.

आमच्या परसाला लागून तुळशीरामभाऊंची धानाची गिरणी होती. गाडी आली त्या दिवशी ते तिच्याभोवती फिरले, सगळ्या खिडक्यांतून डोकावले आणि म्हणाले, "गुरुजी, गाडी फस्क्लास आहे. फक्त आतल्याले बाहेरचं दिसत नाई न् बाहेरच्याले आतलं दिसत नाई."

"रेघा आहेत थोड्या. घासून काढू."

"काढा. पण घाई नोका करू. गाडीतून पाहासारखं आपल्या गावात आहे काय?"

पाहण्यासारखं होतं. पण ते गावात नव्हतं. चंद्रपूरहून येताना मूल गाव मागे टाकलं की सावली गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला एक मोहाचं झाड होतं. ते माझ्या आईच्या मालकीचं होतं.

आमच्याकडे शेत वाटावं तशी मोहाची झाडंही वाटली जातात. मायच्या (आईला आम्ही माय म्हणतो) बापानं पोरांना शेत दिलं आणि एकुलत्या लेकीच्या नावानं रस्त्याकडचा हा मोह सांगून ठेवला. कागद नाही, शिक्का नाही. गावानं ऐकलं होतं, तेवढं पुरे. दर उन्हाळ्यात मामा त्या झाडाखालची फुलं वेचून, वाळवून, पोतं भरून आमच्या घरी पोचवायचे. आपल्या झाडाची फुलं आपण नुसत्या वासावरून ओळखतो, असा मायचा दावा होता. एकदा मामांनी दुसऱ्या झाडाची फुलं मिसळली, तर तिनं पोतं तसंच परत पाठवलं. "माहेरचं पाठव म्हटलं होतं, बजारचं नाई," असा निरोप देऊन.

पण ते झाड तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलेला, उजवा पिकायच्या वाटेवर. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "पाहाचं तेवढं पाह्यलं. आता काय राह्यलं? तुहं तोंड? ते आवाजावरूनच कळते कसं झालं असन ते."

मग एका हिवाळ्यात मामा आले आणि जेवता जेवता सांगून गेले, की रस्ता रुंद होणार आहे. कडेच्या झाडांना पांढरे पट्टे मारले आहेत. आपल्या मोहालाही मारला.

माय तेव्हा परसात पितळेची गुंडी, म्हणजे पाण्याची घागर, घासत होती. तिचा हात थांबला.

"कधी पाडतेत?"

"संक्रांतीच्या मागंपुढं, म्हणून राह्यले."

मायनं गुंडी घासून पालथी घातली, हात धुतले, आणि मला हाक मारली. "अशोक्या, डॉक्टरले विचार, संक्रांतीच्या आधी डोळा होते काय म्हणून. झाड पाहाचं आहे मले. ते पाडल्यावर डोळा घेऊन करू काय?"

तर असं होतं. एका टोकाला मायचा डोळा, दुसऱ्या टोकाला मायचं झाड, आणि मध्ये माझी काच.

चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मायजवळ माझी बायको शीला राहिली. डॉक्टर मोठे शिस्तीचे. त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "जड उचलू द्यायचं नाही, वाकू द्यायचं नाही, रडू तर अजिबात द्यायचं नाही. घरी नेताना गाडीच्या काचा बंद. वारा नको, धूळ नको. वाटेत कुठे उतरवायचं नाही."

"खिडकीतून पाहिलं तर चालेल?"

"मग डोळा कशासाठी केला?" डॉक्टर म्हणाले.

मी चामोर्शीला परतलो तो विचार करतच. काचा बंद. झाड डावीकडे. म्हणजे माय मागे डाव्या बाजूला बसणार. म्हणजे इतक्या वर्षांनी माय आपलं झाड पाहणार, ते साहेबांच्या बाईंनी पाडलेल्या रेघांमधून! छे. पोरगा जिवंत असताना नाही.

घरात मी एकटा होतो. थांबवणारं कोणी नव्हतं. जगातली बरीचशी नासधूस अशाच वेळी होते.

आधी वर्तमानपत्र ओलं करून घासलं. शाई काचेवर उतरली, रेघा होत्या तशाच. मग कुणीसं टूथपेस्टचं नाव घेतलं. अख्खी ट्यूब पिळली. रेघा गेल्या नाहीत, पण गाडीला पुदिन्याचा वास सुटला आणि मुंग्यांनी डाव्या दारावर रांग लावली. मग शाळेतला खडू कुटून लावला. मग लिंबू आणि मीठ.

तुळशीरामभाऊ कुंपणावरून पाहत होते. "गुरुजी, मंजन झालं, चटणी झाली. आता फोडणी देता का?"

"भाऊ, रेघ म्हणजे काय? खड्डा. आजूबाजूची काच तेवढी झिजवली की खड्डा आपोआप नाहीसा. शास्त्र आहे."

"मंग काच बी नाहीशी होईन."

"एवढी नाही झिजवायची. बेतानं."

"हां. बेतानं," असं म्हणून भाऊ तोंडात हसले आणि गिरणीत गेले. जाताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, ते सर्कशीचा तंबू लागताना माणूस पाहतो तसं.

मी हताश होऊन परसात बसलो, आणि समोर मला मायची गुंडी दिसली. पालथी, पिवळीधमक. तिच्यात माझं नाक हातभर रुंद आणि लख्ख दिसत होतं. इतकी चमक येते कशानं? गिरणीमागे तुसाचा ढीग कायम धुमसत असायचा. त्याची करडी, मऊ राख साऱ्या गल्लीतल्या बायका भांड्यांसाठी नेत. ती राख, थोडं पाणी आणि तणसाचा, म्हणजे धानाच्या काडाचा, बोळा. मला कळायला लागल्यापासून माय तेच करत आली होती. मायच्या डोळ्यासाठी मायचीच युक्ती! मला इतकं भरून आलं, की मी सरळ टोपलं घेऊन गिरणीत गेलो.

"भाऊ, राख द्या."

"राखेले काय तोटा. पण गुंडी न् काच एकच असते का?"

"चमकण्याचं तत्त्व एकच असतं."

(तुसाच्या राखेत वाळूचाच अंश असतो आणि वाळूनं काच खरवडते, हे मी पुढे वर्गात शिकवलं. पुस्तकात होतं. आधीही होतं.)

दिवसभर मी ती काच घासली. मायसारखाच, गोल गोल, वरून पाण्याची धार धरत. आणि काय सांगू! रेघा विरघळल्यासारख्या गेल्या. ओल्या काचेतून पलीकडची गिरणी, गिरणीवरची चिमणी, चिमणीवरचा कावळा, सगळं स्वच्छ. तुळशीरामभाऊ स्वतः कुंपण ओलांडून आले. काच आहे की मी काढून टाकली, याची खात्री करायला त्यांनी बोट लावून पाहिलं. "आहे बाप्पा," असं स्वतःशी म्हणाले. आणि मग म्हणाले, "मानलं, गुरुजी."

त्या 'मानलं'नं माझा घात केला. मी आणखी राख घेतली आणि अंधार पडेपर्यंत काच आतूनही घासून काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. असं धुकं पडलं होतं, की गाडीच्या साऱ्याच काचा पांढऱ्या झाल्या होत्या. पुढच्या काचा पुसल्या. मायच्या बाजूची मात्र मी मुद्दाम पुसली नाही. उगाच फडक्याचे डाग कशाला? ती जपून खाली उतरवून ठेवली. नाटकाचा पडदा तिसऱ्या घंटेआधी हलवायचा नसतो, तशी ती काच आता फक्त मायसाठी वर करायची, असं मी ठरवलं होतं.

दवाखान्यात मायच्या डोळ्याची पट्टी सुटली होती. नाकावर जाड भिंगांचा चष्मा. डॉक्टरांनी बोटं धरली, तिनं बरोबर सांगितली. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "आवाजावरून वाटला होता त्याच्याहून बरा आहे."

उशा लावून तिला मागे डावीकडे बसवलं. शीला तिच्या उजवीकडे. मी स्टेअरिंगवरून फर्मान सोडलं, "माय, समोर पाहाचं नाई. समोरून ऊन आहे. फक्त तुह्या बाजूच्या काचेतून पाहाचं. शीला, काच वर कर."

शीलानं वाकून काच वर केली. आरशात मला दिसलं, की तिनं त्या काचेकडे पाहिलं, मग माझ्या मानेकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसली. बायको असं कौतुकानं हसल्याला बरेच दिवस झाले होते. मी आणखी ताठ बसलो.

मूल मागे पडलं आणि मी जो सुटलो, तो सुटलोच.

"माय, धानाचे पुंजणे पाय. कसे रचले!"

"हो. मस्त रचले."

"न् ते बगळे?"

"पाह्यले बाप्पा."

"तळ्यात कमळं आहेत."

"लय आहेत."

पुढे बैलगाड्या होत्या, मागे ट्रक होते, त्यामुळे वळून पाहायची सोय नव्हती. आरशात मायचं तोंड दिसे, एवढंच. ती चष्मा सारखा करत अगदी काचेला नाक लावून बसली होती. इतक्या वर्षांची भूक, मी मनात म्हटलं. पाहू दे पोटभर.

झाड आलं. मी गाडी बाजूला घेतली आणि प्रसंगाचं गांभीर्य म्हणून इंजिन बंद केलं. (आमच्या फियाटचं इंजिन वाटेत बंद करणं हे धाडस होतं.) पुढे रस्त्याचं काम चालू होतं, धुळीचे लोट उठत होते. पुढची डावी काच धुळीनं भरली होती, पण समोरच्या काचेतून मला झाड दिसत होतं. उंच, भरलेलं, बुंध्याला पांढरा पट्टा. झाड अजून उभं होतं. आम्ही वेळेत पोचलो होतो.

"माय," मी म्हटलं, "तुहं झाड."

माय पाहत राहिली. बराच वेळ पाहत राहिली.

"दिसते काय?"

"दिसते."

"पट्टा दिसते?"

"तो बी दिसते."

"कसं आहे?"

"मस्त आहे," माय म्हणाली. "फुलं आली."

माझा हात किल्लीवरच राहिला. मोहाला फुलं? पौषात? मोह फुलतो तो होळीच्या आसपास, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, आणि ही तर त्या झाडाची मालकीण.

"फुलं?"

"लय आली."

मी आवाज सांभाळत विचारलं, "माय, झाडाखाली कोण उभं आहे?"

तिनं पुन्हा काचेला नाक लावलं. "तुहा मामा असन."

झाडाखाली डांबराचं पिंप होतं. (मामा काळे आणि गोल होते हे खरं. पण इतकेही नव्हते.)

"न् त्याच्या बाजूचा हत्ती?"

"हो," माय म्हणाली, "तो बी आहे."

मी आरशात पाहिलं. पदराचं टोक मायनं दातांत घट्ट धरलं होतं. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती, आणि माय डॉक्टरांचं ऐकत होती.

मी गाडी वळवली.

"कुठी नेऊन राह्यला?"

"डॉक्टरकडे."

"काऊन? मले तं सगळंच दिसून राह्यलं."

"म्हणूनच."

डोळा गेला, हे मला कळलं होतं. आता फक्त डॉक्टरांनी ते म्हणायचं होतं.

डॉक्टर जेवायला निघाले होते. मला पाहून थांबले. मी धापा टाकत सांगितलं, "साहेब, आईला नसलेलं दिसतं. फुलं दिसतात. मामा दिसतात. हत्ती दिसतो."

"कोणता हत्ती?"

"कोणताच नाही! तेच तर सांगतोय."

त्यांनी मायला खुर्चीत बसवलं. बॅटरी टाकून डोळा पाहिला. बोटं धरली, लांबून धरली, दाराबाहेर जाऊन धरली. माय सगळं बरोबर सांगत गेली. वर आपल्या मनानं म्हणाली, "ह्या नर्सबाईच्या नाकातली चमकी नवी आहे. न् ते भितीवरचं घड्याळ बंद पडलं, डॉक्टरसाहेब. काटा चालून नाई राह्यला."

सगळ्यांनी वर पाहिलं. घड्याळ खरंच बंद होतं.

"डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. मग मायच्या पुढ्यात स्टूल ओढून बसले. "आजी, खरं सांगा. गाडीतून काय दिसलं?"

माय माझ्याकडे पाहून थोडी घुटमळली. "खरं सांगू काय? दूध."

"दूध?"

"बाहेर सारं दूधच दूध. जवळचं मस्त दिसे. सुनेच्या बांगड्या दिसत, ह्याच्या मानेवरचा मळ दिसे. बाहेर पाह्यलं की दूध."

"मग सगळ्याला हो हो कशाला म्हणत होता?"

"पोरगं एवढं हौसेनं दाखवून राह्यलं होतं. नाई म्हटलं असतं तं त्याले वाटलं असतं, मायचा डोळा वाया गेला. तुमाले बी वाईट वाटलं असतं. म्हटलं, हो म्हणाले काय जाते?"

डॉक्टर उठले आणि मला म्हणाले, "गाडी कुठे आहे?"

गाडी उन्हात उभी होती. आणि त्या उन्हात, अंगावर पाण्याचा थेंब नाही अशा अवस्थेत, ती काच मी पहिल्यांदाच पाहिली. दुधावर साय धरावी तशी ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पांढरी होती. रेघ एकही नव्हती. रेघ दिसायला काच दिसावी लागते.

डॉक्टरांनी बोट ओलं करून काचेवरून ओढलं. बोटाएवढी वाट स्वच्छ झाली. आम्ही सगळे पाहत असतानाच ती वाळली आणि पुन्हा दूध झालं.

"गुरुजी," डॉक्टर म्हणाले, "हा मोतीबिंदू आहे. पूर्ण पिकलेला. आईचा काढला तो तुम्ही गाडीला बसवलात."

शीलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हणजे तुम्ही ही मुद्दाम नाई केली?"

"मुद्दाम कोण करेल असं?"

"मले वाटलं डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं असन. मायच्या डोळ्याले ऊन लागू नये म्हणून न्हाणीच्या खिडकीसारखी काच बसवली. मी म्हटलं, किती काळजी करून राह्यले मायची."

ते हसणं त्याचं होतं तर!

"आणि मी तिला झाड दाखवत होतो तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं."

"तुम्ही मास्तर लोक. फळ्यावर नसलेलं बी दाखवत असता. मले काय मालूम?"

नर्सबाई तोंडाला रुमाल लावून आत पळाल्या. माय मात्र हसली नाही. ती काचेजवळ गेली, तिच्यावरून तळवा फिरवला आणि हाताला लागलेली करडी राख अंगठ्यानं चोळून पाहिली. ती राख तिला डोळे नसतानाही ओळखता आली असती.

"एवढी घासाले किती वेळ लागला असन रे तुले?" एवढंच तिनं विचारलं.

मायला पुढच्या सीटवर बसवून निघालो. पुढच्या काचेला रेघा होत्या, पण रेघांच्या मधून जग दिसत होतं. आता ऊन पाठीशी होतं. माय डोळे भरून पाहत होती आणि काहीच बोलत नव्हती, आणि मी काहीच दाखवत नव्हतो. पण मूलच्या अलीकडे फियाटनं आपलं मत मांडलं आणि बंद पडली. ढकलून, झटकून, हातापाया पडून ती सुरू होईपर्यंत हिवाळ्याचा दिवस बुडाला. झाडापाशी पोचलो तेव्हा समोर नुसता काळोख उभा होता. गाडी तिरकी करून मी दिव्यांचा झोत झाडावर टाकला. उजेडात आला फक्त बुंधा आणि त्यावरचा पांढरा पट्टा.

"एवढंच?" मायनं विचारलं.

"वरचं अंधारात आहे, माय."

"असू दे. बुंधा तं बुंधा." ती पाहत राहिली. "पट्टा लय पांढरा आहे."

"रविवारी येऊ. दिवसाउजेडी. आधी नवी काच बसवतो तुह्या बाजूले."

"काच कशाले? पुढच्या सीटवर बसीन न मी."

ही सगळ्यात सोपी गोष्ट मायनं तिथल्या तिथं सांगितली होती. आणि मी काय म्हणालो? "नाई. तुह्याच खिडकीतून दाखवीन. एकदम साफ." चूक माझी होती, तेव्हा ती दुरुस्तही मलाच करायची होती, दिमाखात, सर्वांसमोर. पुढच्या सीटवरून झाड पाहिलं असतं तर माझी काच तशीच राहिली असती ना!

काच नागपूरहून यायची होती. आली ती उजव्या बाजूची. परत गेली. मग संक्रांत आली. तिळगूळ झाला. मग डावी काच आली आणि मिस्त्री लग्नाला गेला. तो आला, काच बसली, आणि एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. माय मागे डावीकडे, काच वर, उन्हात नुसती झळकत होती.

रस्त्याची ती बाजू मोकळी झाली होती. झाडाची जागा मायच्या डाव्या हाताला यावी म्हणून गाडी कुठे वळवून थांबवायची हेच मला कळेना. मायनंच सांगितलं, "इथी." खोडाचा बुंधा तेवढा जमिनीलगत राहिला होता. ताजा, लालसर, त्यावरची वलयं आणि करवतीच्या दातांचे ओरखडेसुद्धा दिसत होते.

माय काचेतून पाहत होती. मी आरशात पाहायचं टाळत होतो.

"काच मस्त आहे," ती म्हणाली. "आता लय साफ दिसते."

त्या घडीला माझी जुनी दुधी काच मला परत हवी होती. तिच्यातून मायला निदान फुलं तरी दिसली होती.

मग डॉक्टरांची बंदी संपली होती म्हणून ती उतरली. बुंध्यावर हात ठेवून थोडा वेळ बसली, सालीचा एक तुकडा पदरात बांधला आणि गाडीत येऊन काच स्वतःच्या हातानं खाली केली. चामोर्शी येईपर्यंत ती उघडीच ठेवली. त्यानंतर आमच्या गाडीत बसली की ती आधी काच खाली करायची, थंडी असो की धूळ. मला ती कधी रागावली नाही. फक्त मी काही दाखवायला लागलो, नवीन पूल असो, लेकाचा निकाल असो, की हळूच विचारायची, "हे खरंच आहे का, का हत्तीवानी?"

जुनी काच तुळशीरामभाऊंनी वाया जाऊ दिली नाही. आमच्या न्हाणीच्या खिडकीत बसवून दिली. फियाट गेली, माय गेली, काच आहे. अजून तिच्यातून काही दिसत नाही. कामगिरी पक्की होती.

परवा माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं. चंद्रपूरला गेलो. आता दवाखाना नवा, डॉक्टर तरुण. त्यानं बॅटरी टाकून पाहिलं आणि हसून म्हणाला, "काका, मोतीबिंदू आहे. घाबरू नका. एकदम सोपं असतं. साफ करून टाकू."

मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"काढा, साहेब," म्हटलं. "पण घासू नका."